पीएच.डी.च्या अर्जात दुसऱ्या विषयालाही जागा द्या

प्रति,
मराठवाड्यातील विद्यापीठांचे माननीय कुलगुरू, तसेच विद्या परिषदा आणि संशोधन मान्यता समित्यांचे सन्माननीय सदस्य

विषय : आंतरविद्याशाखीय पीएच.डी.साठी प्रवेशाची स्वतंत्र सोय करण्याबाबत

महोदय, महोदया,

पेटची, म्हणजे पीएच.डी. प्रवेश परीक्षेची, जाहिरात आली की आमच्या ग्रुपवर पहिला मेसेज पडतो तो "कोणत्या सरांकडे जागा आहे?" असा. मग गुणपत्रिका, जात वैधता, नॉन-क्रीमीलेअर, गॅप सर्टिफिकेट यांची धावपळ. नेमकं काय शोधायचंय यावर बोलणं होतं ते निवड झाल्यावर, आणि तेव्हाही बऱ्याचदा गाईड सुचवतील तोच विषय ठरतो. विद्यार्थ्यांना नावं ठेवणं सोपं आहे, पण अर्जच तसा आहे. ऑनलाइन अर्जात विषयाचा एकच रकाना असतो, त्यात एकच नाव निवडता येतं आणि ते पीजीच्या गुणपत्रिकेवरच्या विषयाशी जुळावं लागतं. ज्यांचा प्रश्न दोन विषयांच्या बांधावर आहे, त्यांनी काय निवडावं? मी त्यांच्यातली एक आहे.

माझी ओळख थोडक्यात देते. भूगर्भशास्त्रात एम.एस्सी. झालेय, सध्या एका महाविद्यालयात तासिका तत्त्वावर शिकवते. गाव बीड जिल्ह्यात, सिंदफणेच्या खोऱ्यात. घर गावकुसाबाहेरच्या बौद्धवस्तीत. मला ज्या प्रश्नावर पीएच.डी. करायची आहे तो एका ओळीत असा : आमच्या वस्तीची विहीर दर उन्हाळ्यात गावातल्या विहिरींच्या आधी का आटते?

वाचायला हा प्रश्न साधा वाटेल. विहिरीच्या काठावर उभं राहिलं की तो किती गुंतलेला आहे ते दिसतं. मराठवाड्याचा बहुतेक भाग बेसॉल्टच्या एकावर एक थरांवर बसलेला आहे. पाणी राहतं ते वरच्या मुरमात, खडकाच्या भेगांत आणि दोन थरांच्या सांध्यात. विहिरी खोदणारे लोक हे थर आमच्या पाठ्यपुस्तकांपेक्षा चांगले ओळखतात. आमची विहीर पाच परस खोल आहे (एक परस म्हणजे साधारण पुरुषभर खोली). वर दीड परस मुरूम, त्याखाली पांढऱ्या ठिपक्यांचा मांजऱ्या खडक आणि तळाला काळा पाषाण. पाषाण लागला तिथे खोदकाम थांबलं. दक्षिणेच्या अंगाला, मांजऱ्या आणि पाषाण जिथे भेटतात त्या सांध्यातून झिरपा येतो. दिवाळीच्या सुमारास तिथून चांगली करंगळीएवढी धार पडते, मार्च सरता सरता नुसता ओला पट्टा उरतो. गावातली जुनी मोठी विहीर ओढ्याच्या अंगाला आहे. ती नऊ परस आहे, पाषाण फोडून खालच्या मांजऱ्यापर्यंत नेलेली आहे आणि आत आडवे बोअर मारलेले आहेत. तिला मे महिन्यातही पाणी असतं.

आता भूगर्भशास्त्राला विचारलं तर उत्तर तयार आहे : वस्ती उंचवट्यावर आहे, मुरूम पातळ, साठवण कमी, विहीर उथळ. यातला शब्दन् शब्द खरा आहे. पण वस्ती त्या उंचवट्यावर कुणी बसवली? ओढ्याच्या अंगाची जमीन कुणाच्या नावावर होती? पाषाण फोडायला सुरुंग लागतात, कॉम्प्रेसर लागतो, त्याला पैसा लागतो. तो आमच्या विहिरीपाशीच का संपला? याची उत्तरं खडकात नाहीत. ती सातबाऱ्यावर, फेरफारांत, ग्रामपंचायतीच्या ठरावांच्या वहीत, निजामाच्या काळातल्या उर्दू आणि मोडी कागदांत आणि 1972 च्या दुष्काळात दुष्काळी कामावर खडी फोडलेल्या म्हाताऱ्या बायकांच्या आठवणींत आहेत.

समाजशास्त्राला विचारलं तर तेही लगेच सांगेल, कारण जात आहे. तेही खरं आहे, ते मला कुणी शिकवायची गरज नाही. पण तेवढ्यावर थांबलं तर एक गोष्ट कळत नाही, आणि गावाला नेमकी तीच हवी असते. ही विहीर आणखी चार परस खोल केली तर पाणी लागेल का? की पैसा पाषाणात जाईल आणि ओढ्याकाठी सार्वजनिक विहिरीसाठी जागाच मागायला हवी? दुखणं किती खडकाचं आणि किती माणसांनी आखलेल्या सीमांचं, हे वेगळं काढायचं असेल तर एकाच विहिरीची पातळीही मोजावी लागेल आणि त्याच विहिरीचा कागदही वाचावा लागेल. भूजल सर्वेक्षण यंत्रणा आपल्या निरीक्षण विहिरींची पातळी जानेवारी, मार्च, मे आणि ऑक्टोबरमध्ये घेते. फार मोलाच्या नोंदी आहेत त्या. पण कुणाच्या घागरी पाण्याला लागतात आणि कुणाच्या काठावरून रिकाम्या परततात, हे त्या आकड्यांतून कळत नाही.

हा आराखडा घेऊन मी एका विद्यापीठात गेले. भूगर्भशास्त्राच्या विभागात आराखडा नीट वाचला गेला आणि सांगितलं गेलं, "विषय चांगला आहे, पण अर्धा समाजशास्त्राचा आहे. आरआरसीत (संशोधन मान्यता समितीत) टिकणार नाही. वस्तीचं प्रकरण काढा, विहिरींचं भूजल सर्वेक्षण ठेवा." समाजशास्त्राच्या विभागात उत्तर मिळालं, "प्रश्न आमचाच आहे, पण तुमचं एम.ए. नाही, तुम्हाला आमच्या विषयाची पेट देता येणार नाही." दोन्हीकडे माणसं सौजन्याने वागली आणि दोन्हीकडे नियमाला धरूनच बोलली. म्हणून माझं म्हणणं त्यांच्यापुढे मांडून उपयोग नाही. विषयांची यादी, पात्रतेचे निकष आणि अर्जाचा नमुना आपण मंजूर करता, म्हणून आपल्याला लिहिते आहे.

वस्तीचं प्रकरण काढणं मला जमणार नाही. ते काढल्यावर उरतं ते काम चांगलं असेल, पण ते कुणीही करू शकेल आणि त्यातून माझ्या प्रश्नाचं उत्तर मिळणार नाही.

नियम आड येतात असं म्हणावं तर वरचे नियम उलट वाट मोकळी करून ठेवतात. यूजीसीच्या, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाच्या, 2016 च्या पीएच.डी. नियमावलीत आंतरविद्याशाखीय विषयाचा स्पष्ट उल्लेख होता : विभागातलं ज्ञान अपुरं पडत असेल तर विभागातला एक मार्गदर्शक आणि बाहेरचा एक सहमार्गदर्शक नेमता येईल. 7 नोव्हेंबर 2022 ला आलेल्या नव्या नियमावलीतही सहमार्गदर्शक त्याच विभागातला, दुसऱ्या विभागातला किंवा थेट दुसऱ्या संस्थेतलाही चालतो. राज्याच्या 2016 च्या सार्वजनिक विद्यापीठ कायद्याने तर विज्ञान व तंत्रज्ञान, वाणिज्य व व्यवस्थापन आणि मानव्यविद्या यांच्या जोडीला आंतरविद्याशाखीय अभ्यास ही चौथी विद्याशाखाच दिली आहे. या चौथ्या शाखेत शिक्षणशास्त्र, शारीरिक शिक्षण, ग्रंथालयशास्त्र, पत्रकारिता असे विषय आहेत. ते महत्त्वाचे आहेत, त्यांच्याबद्दल माझी काही तक्रार नाही. पण त्या शाखेतही प्रवेश घ्यायचा तर एकाच विषयाच्या दारातून घ्यावा लागतो. भूगर्भशास्त्र आणि समाजशास्त्र यांना एकत्र आणणारं दार तिथेही नाही.

म्हणजे अडचण प्रवेशाच्या टप्प्यावर आहे. सहमार्गदर्शकाची सोय आत गेल्यावरची आहे. आत जायचं ते एकाच विषयाचं तिकीट काढून. पेटमध्ये निम्मा भाग संशोधन पद्धतीचा आणि निम्मा विषयाचा. 2024 पासून नेट या राष्ट्रीय पात्रता परीक्षेचे गुण पीएच.डी. प्रवेशासाठी धरण्याची सोय यूजीसीने केली, तीही विषयवारच आहे. भूगर्भशास्त्राचा विद्यार्थी सीएसआयआर-यूजीसी नेटचा पृथ्वीविज्ञानाचा पेपर देतो, समाजशास्त्राचा विद्यार्थी यूजीसी नेटचा. छाननी करणाऱ्या कर्मचाऱ्यासमोर अर्ज येतो तेव्हा त्याच्या हातात गुणपत्रिका असते, प्रश्न नसतो.

आपल्या भागात असं काम होतच नाही असं मात्र कुणी समजू नये. 2016 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात वेरूळच्या लेण्यांतल्या मातीच्या गिलाव्यात भांगेच्या झाडाचे अंश मिसळलेले आढळले. अजिंठ्याच्या गिलाव्याला किडीने पोखरलं आणि वेरूळचा टिकला, यामागे हे एक कारण असावं, असं त्यात मांडलं आहे. पुरातत्त्व खात्यातले रसायनतज्ज्ञ आणि इथल्याच विद्यापीठातले वनस्पतिशास्त्रज्ञ एकत्र बसले म्हणून हे हाती लागलं. एकट्या रसायनशास्त्राला झाड ओळखता आलं नसतं आणि एकटं वनस्पतिशास्त्र लेण्यातल्या गिलाव्याकडे वळलं नसतं. हे ज्येष्ठ संशोधकांनी आपल्या पातळीवर केलं. पंचविशीतल्या विद्यार्थ्याला असा प्रश्न पडला तर त्याने कोणता फॉर्म भरावा?

आणि असे प्रश्न आपल्याकडे पावलोपावली आहेत. 2019 मध्ये राज्य सरकारने नेमलेल्या समितीने बीड जिल्ह्यातल्या 82 हजारांहून अधिक ऊसतोड महिलांची पाहणी केली, त्यात 13 हजारांहून अधिक जणींची गर्भपिशवी काढलेली निघाली. हा विषय वैद्यकशास्त्राचा, श्रमाच्या अर्थशास्त्राचा, की उचल आणि मुकादम यांच्या व्यवहाराचा? कोयत्याबरोबर, म्हणजे ऊसतोड जोडप्याबरोबर, सहा महिने राहिलेली, फडातली भाषा कळणारी एखादी नर्सिंग झालेली मुलगी हा अभ्यास कुठल्याही मोठ्या संस्थेपेक्षा चांगला करील. तिला आपण कोणत्या विभागात पाठवणार? 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे किल्लारी-सास्तूर भागात दगड-मातीच्या जाड भिंतींनी माणसं गाडली. पुढे गावं उठवून नव्या जागी वसवली. भूकंपशास्त्र, बांधकाम आणि गाव मोडून पुन्हा बसण्याची गोष्ट हे सगळं एका संशोधकाने एकत्र पाहायला हवं. 2016 च्या एप्रिलमध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आलं, तेव्हा त्यातही पर्जन्यमान, धरण, उसाचं अर्थकारण आणि महानगरपालिकेचा कारभार एकमेकांत अडकलेले होते. दुष्काळाने विभाग पाहून घाव घातलेला नाही.

ज्यांच्या नावाचं विद्यापीठ मराठवाड्यात आहे, त्या बाबासाहेबांनी 1916 मध्ये कोलंबिया विद्यापीठात जातिसंस्थेवरचा आपला निबंध वाचला तो मानववंशशास्त्राच्या चर्चासत्रात. तेव्हा ते अर्थशास्त्राचे विद्यार्थी होते. तिथे त्यांना कुणी विचारलं नाही, तुमची पीजी कोणत्या विषयातली. त्यांच्याच नावाच्या आवारात आणि शेजारच्या विद्यापीठांत आमच्यासारख्यांना निदान आपला प्रश्न मांडून दाखवण्याची संधी मिळावी.

यावर एक आक्षेप नेहमी येतो आणि तो मी गंभीरपणे घेते : दोन विषय धरले की एकही धड होत नाही, वरवरचं काम होतं, आणि ज्यांना कुठल्याच विषयात प्रवेश मिळत नाही ते या वाटेने घुसतील. ही भीती खोटी नाही. म्हणून माझी मागणी सवलतीची नाही. ही वाट एका विषयाच्या पीएच.डी.पेक्षा अवघड ठेवा, पण ठेवा.

ती कशी असावी याबद्दल मी जे विचार केले आहेत ते लिहिते. अर्जात विषयाचे दोन रकाने द्यावेत, मूळ विषय आणि जोडविषय. जोडविषय निवडणाऱ्याकडून दीड-दोन हजार शब्दांचं टिपण अर्जासोबतच घ्यावं. त्यात त्याने तीन गोष्टी सांगाव्यात : प्रश्न काय आहे, एकाच विषयाच्या पद्धतीने तो का सुटत नाही, आणि दुसऱ्या विषयातलं त्याने आजवर काय वाचलं, काय केलं. तिसरी गोष्ट फार महत्त्वाची. मला कुणी विचारलं तर मी सांगेन की वस्तीतल्या आणि गावातल्या विहिरींची पातळी मी दोरीला दगड बांधून आणि टेप लावून घेतली आहे, आणि फेरफार वाचायला एका निवृत्त तलाठ्यांकडून शिकले आहे. मोडी अजून अडखळत वाचते. हे अर्जात कुठे लिहायचं? 'इतर माहिती' असा रकानाही आताच्या अर्जात नाही.

मुलाखतीला दोन्ही विषयांतले तज्ज्ञ एकाच वेळी समोर असावेत. लेखी परीक्षेला 70 टक्के आणि मुलाखतीला 30 टक्के हे प्रमाण नियमात ठरलेलं आहे, ते तसंच राहू द्या. पेटमधला संशोधन पद्धतीचा निम्मा भागही सगळ्यांना एकच असू द्या. विषयाच्या उरलेल्या निम्म्या भागात मूळ विषयाचे जास्त आणि जोडविषयाचे थोडे प्रश्न घ्यावेत. जोडविषयात नापास झालेल्याला या वाटेने आत घेऊ नये. निवड झाल्यावर कोर्सवर्क आहेच. नियमाप्रमाणे ते किमान 12 क्रेडिटचं असतं, त्यातले 2 संशोधन व प्रकाशन नैतिकतेचे. उरलेल्यांपैकी 4 क्रेडिट जोडविषयाच्या एम.ए. किंवा एम.एस्सी.च्या वर्गात बसून पूर्ण करायला लावा, त्या वर्गातल्या मुलांबरोबर परीक्षा द्यायला लावा. मला एम.ए.च्या पहिल्या वर्षाच्या बाकावर बसायला आनंदच होईल.

गाईडच्या जागांचं गणित आपल्याला माझ्यापेक्षा चांगलं माहीत आहे. प्राध्यापकाकडे 8, सहयोगी प्राध्यापकाकडे 6, सहायक प्राध्यापकाकडे 4 विद्यार्थी. अनेक विभागांत कायम शिक्षकच मोजके उरलेत, त्यामुळे मुळात जागांची टंचाई. अशात सहमार्गदर्शक व्हायला कुणी सहज तयार होत नाही, कारण ती जागा कुणाच्या खात्यावर धरायची हे कुठे स्पष्ट लिहिलेलं सापडत नाही. हे एका परिपत्रकाने सुटू शकतं. त्याचप्रमाणे प्रबंध तपासणाऱ्या दोन बाह्य परीक्षकांपैकी एक जोडविषयाचा असावा, हेही आधीच ठरवून द्यावं. नाहीतर पाच वर्षांच्या कामाचा निकाल त्यातलं अर्धंच काम समजणाऱ्या दोघांच्या हाती जाईल.

शेवटची अडचण पोटापाण्याची आहे आणि ती कुणी मोठ्याने बोलत नाही. सहायक प्राध्यापकाच्या जाहिरातीत संबंधित विषयातली पीएच.डी. मागतात. आंतरविद्याशाखीय पदवी घेतलेल्याला छाननीत विचारणार, तुम्ही नक्की कोणत्या विषयाचे? माझ्या ओळखीतल्या हुशार मुली याच एका भीतीने आपला खरा प्रश्न बाजूला ठेवून गाईडच्या यादीतला सुरक्षित विषय घेतात. आमच्या घरात पहिल्यांदाच कुणी इथवर शिकतंय, आम्हाला पदवी अंगावर पडून चालत नाही. म्हणून पदवी प्रमाणपत्रावर मूळ विषयाचं नाव असावं आणि त्यापुढे जोडविषयाची नोंद असावी. एवढं झालं तरी निम्मी भीती जाईल.

बाहेर जा, असा सल्ला मला अनेकांनी दिला. मुंबईच्या आयआयटीत ग्रामीण भागासाठीच्या तंत्रज्ञानावर काम करणारं 'सितारा' केंद्र आहे, तिथे वेगवेगळ्या विषयांचे विद्यार्थी घेतात. आपल्याच तुळजापूरला टाटा सामाजिक विज्ञान संस्थेचं आवार आहे. दोन्ही ठिकाणांबद्दल मला आदर आहे आणि तिथेही अर्ज करीन. पण माझ्या विहिरी सिंदफणेच्या खोऱ्यात आहेत, घरची जबाबदारी इथे आहे, तासिका इथे आहेत. शिवाय माझ्यामागून येणाऱ्या प्रत्येकीला मुंबई परवडणार नाही. मराठवाड्याच्या प्रश्नांवरची पीएच.डी. मराठवाड्यात करता आली पाहिजे, यासाठीच तर 1958 मध्ये इथे पहिलं विद्यापीठ आलं, 1972 मध्ये परभणीला कृषी विद्यापीठ आणि 1994 मध्ये नांदेडला तिसरं. परभणीत माती-पाण्याचं ज्ञान आहे, नांदेड आणि छत्रपती संभाजीनगरला समाजविज्ञानांचे जुने विभाग आहेत. या तिघांनी आपसांत करार करून एकमेकांचे सहमार्गदर्शक मान्य केले तर नवी इमारत लागणार नाही आणि नवी पदंही लागणार नाहीत.

माझी विनंती एवढीच की पुढच्या पेटची जाहिरात निघण्याआधी हा विषय विद्या परिषदेच्या बैठकीत घ्यावा. पहिल्या वर्षी प्रत्येक विद्यापीठाने मोजक्या जागा ठेवून पाहाव्यात. अर्जाचा नमुना, टिपणाचे निकष किंवा जोडविषयाच्या क्रेडिटची योजना करण्यासाठी समिती नेमणार असाल तर तिच्यावर एक-दोन संशोधक विद्यार्थीही घ्यावेत. मला बोलावलंत तर माझा आराखडा, विहिरींच्या नोंदी आणि फेरफारांच्या प्रती घेऊन येईन. दोन्ही विभागांतल्या सरांनी आणि मॅडमनी एकाच टेबलाभोवती बसून त्यावर प्रश्न विचारावेत. आराखडा कच्चा ठरला तर तसं लेखी कळवावं, मी दुरुस्त करून पुन्हा आणीन.

आपली विश्वासू,
एक अर्जदार
जि. बीड